तीन सालांचा गिअरबॉक्स

माझ्या लिहिण्याच्या टेबलाच्या खणात पुठ्ठ्याचा एक लहानसा तुकडा आहे. मिठाईच्या खोक्यातून कापलेला, एका कोपऱ्याला भोक पाडलेला आणि डिझेलच्या डागाने अर्धाअधिक काळवंडलेला. त्यावर माझ्याच अक्षरात ‘क – ३/४ स्लीव्ह’ एवढेच लिहिले आहे. पत्नीने दोनदा तो केरात टाकण्यासाठी काढला आणि दोन्ही वेळा मी तो परत खणात ठेवला. का, ते तिला नीट सांगता आले नाही. आज ते सांगण्याचा प्रयत्न करतो आहे.

माझे मामा गेली पस्तीस वर्षे ट्रक चालवीत आहेत. पण स्वतःचा म्हणावा असा हा त्यांचा पहिलाच ट्रक. २००८ सालचा, सहाचाकी, आणि तोही दुसऱ्या मालकाकडून घेतलेला. इंदूरहून खंडव्याच्या रस्त्याने निमाडात उतरायचे, जाताना सिमेंट किंवा खत न्यायचे, आणि परतताना हंगाम असेल तर बेडियाच्या बाजारातील मिरची आणायची, हा त्यांचा शिरस्ता. माळव्याचे पठार आणि नर्मदेचे खोरे यांच्यामध्ये विंध्याची जी पायरी आहे, ती सिमरोल मागे पडल्यावर भेरूघाटात उतरावी लागते. भरलेली गाडी तेथे नुसत्या ब्रेकवर उतरवणारा माणूस मामांच्या लेखी ड्रायव्हरच नव्हे. ब्रेक सतत दाबून धरले की तापतात आणि फार तापले की त्यांची पकड सुटते; म्हणून उतारावर गाडी आवरायची ती गिअरने. ‘ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर’, हा त्यांच्या वडिलांपासून चालत आलेला नियम. खालच्या गिअरमध्ये उतरताना चाकांनाच इंजिन फिरवावे लागते, आणि ते ओझे गाडीला मागे धरून ठेवते. मात्र या साऱ्या व्यवस्थेला एक अट आहे. गिअर जागचा निसटता कामा नये. तो निसटून न्यूट्रलमध्ये आला, तर इंजिन आणि चाके यांचा संबंध एका क्षणात तुटतो. आणि त्या क्षणी पाठीमागे नऊ टन सिमेंट असते.

मागे एका जानेवारीत, मिरचीच्या ऐन हंगामात, या ट्रकच्या गिअरबॉक्समधून घरघर ऐकू येऊ लागली, आणि चौथ्या दिवशी घाट चढताना मोठा आवाज होऊन गाडी जागीच उभी राहिली. ती ओढून ट्रान्सपोर्ट नगरात आणली. तेथले उस्ताद म्हणजे सत्तरीकडे झुकलेले मिस्त्री. मामांची गाडी त्यांच्याखेरीज दुसऱ्या कोणाच्या हाती जात नाही. त्यांनी खालचा बोल्ट काढून तेल परातीत घेतले, त्यात बोट बुडवले आणि ते उन्हात धरले. काळ्या तेलात दोन रंगांची चमक होती. पांढरी चमक पोलादाची, म्हणजे दात किंवा बेअरिंग. पिवळी चमक पितळेची, म्हणजे सिंक्रोची कडी. ‘दोनों गए,’ एवढेच ते म्हणाले.

पेटी उघडल्यावर सारे स्पष्ट झाले. खालच्या काउंटर शाफ्टचे बेअरिंग फुटले होते आणि त्याची एक गोळी दातांच्या मध्ये सापडली होती. काउंटर शाफ्टचे काही दात मोडले होते, आणि त्याच्याशी जोडलेल्या तिसऱ्या गिअरच्या दातांचे टवके उडाले होते. नवा गिअरबॉक्स म्हणजे मामांच्या तीन महिन्यांच्या कमाईवर पाणी. तेव्हा उरला तो एकच मार्ग: मोडीत निघालेल्या गाड्यांचे सुटे भाग जमवायचे आणि त्यांतून हाच गिअरबॉक्स पुन्हा उभा करायचा.

मी त्यात ओढला गेलो तो केवळ अक्षर बरे आहे म्हणून. उस्तादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला आहे, त्यांचा हाताखालचा मुलगा गावी गेलेला, आणि मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून. चार दिवसांची रजा शिल्लक होती. मामा म्हणाले, ‘अरे, तू नुसता वही घेऊन बस. कोणती वस्तू कुठली, एवढं लिहून ठेव.’ हे काम मला येते, अशी माझी समजूत होती.

कबाड्याच्या दुकानातील वस्तूवर तिचे साल लिहिलेले नसते. तो सांगेल ते साल, आणि उस्तादांची बोटे कबूल करतील ते खरे. आमच्याकडे अशी तीन कुळे जमली. ट्रकचे स्वतःचे भाग, २००८ चे. त्यांना मी ‘अ’ म्हटले. काउंटर शाफ्ट मिळाला तो २०११ च्या गाडीचा, तो ‘ब’. मेन शाफ्टवरचा तिसरा गिअर, त्याची पितळी कडी आणि त्याच्या शेजारची स्लीव्ह २०१४ च्या गाडीची, ते ‘क’. प्रत्येक भागाला पुठ्ठ्याची चिठ्ठी सुतळीने बांधायची, वहीत नोंद करायची, उस्तादांनी मागितला की चिठ्ठी सोडून भाग त्यांच्या हाती द्यायचा, चिठ्ठी तारेत ओवायची आणि वहीत खूण करायची. आवक-जावक विभागात दहा वर्षे काढलेल्या माणसाला याहून सोपे काम कोणते?

पहिल्याच दिवशी या वहीने आपली किंमत वसूल करून दिली. क्लचकडून येणारा शाफ्ट आमच्या जुन्या पेटीतलाच चांगला होता; त्यावर जखम नव्हती, झीज नव्हती. मामांनी तो वाचवायचे ठरवले होते. उस्तादांनी मला त्याचे दात मोजायला सांगितले. खडूने एका दातावर खूण करून मी मोजले: २१. मग तो शाफ्ट ज्याला फिरवतो, त्या काउंटर शाफ्टच्या चाकाचे दात मोजले: ३८. मोडलेल्या जुन्या शाफ्टचे त्याच जागी ३९ होते. मला त्यात विशेष काही वाटले नाही; एका दाताचा फरक. उस्ताद मात्र हातातला विडीचा तुकडा टाकून उठले.

त्यांनी जे समजावले ते मी आयुष्यात विसरणार नाही. पेटीत हे दोन शाफ्ट ज्या भोकांत बसतात, त्यांच्यातले अंतर ओतीव लोखंडात कायमचे ठरलेले असते. दातांचा आकार आणि तिरकसपणा तोच ठेवायचा, तर दोन्ही चाकांच्या दातांची बेरीज ठरलेलीच यावी लागते. जुनी जोडी २१ आणि ३९, बेरीज ६०. कंपनीने मधल्या काळात वेग बदलला तो असा, की एकाचा दात वाढवला आणि दुसऱ्याचा कमी केला: २२ आणि ३८, बेरीज पुन्हा ६०. आमच्यापुढे होते २१ आणि ३८. बेरीज ५९. ही जोडी पेटीत बसली असती, हाताने फिरलीही असती. पण दात एकमेकांत पुरेसे खोल गेले नसते. सारा भार त्यांच्या टोकांवर आला असता, आणि एखाद्या चढावर ती टोके उडाली असती. उलट २२ आणि ३९ यांची बेरीज ६१. ती जोडी पेटीत शिरलीच नसती. उस्ताद म्हणाले, जे बसत नाही त्याची भीती नसते, ते आपणच सांगते. भीती असते ती बसणाऱ्या चुकीच्या वस्तूची.

मामा मुकाट्याने पुन्हा कबाड्याकडे गेले आणि त्याच २०११ च्या गाडीचा २२ दातांचा शाफ्ट घेऊन आले. त्या शाफ्टने एक बारीकसा फरक पडणार होता. ३९ भागिले २१ म्हणजे सुमारे १.८६, आणि ३८ भागिले २२ म्हणजे सुमारे १.७३. पाचवा गिअर थेट चालतो, त्याला या जोडीशी कर्तव्य नाही. पण खालचे चारही गिअर आता शेकडा सातांनी हलके होणार होते. इंजिनची तीच फिरत, पण गाडी किंचित अधिक वेगात. मामांनी ते ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘म्हणजे घाटात थोडं आधीच सावध व्हायचं.’

त्या चार दिवसांत मला यंत्राचे एक वेगळेच व्याकरण कळू लागले. बेअरिंगचे पाहा. त्याच्या कडेवर ६३०९ असा आकडा असतो. शेवटचे दोन अंक पाचाने गुणले की आतल्या भोकाचे माप येते: ४५ मिलिमीटर. बाहेरचे माप १००, जाडी २५. ते कोणत्याही देशात, कोणत्याही कारखान्यात बनलेले असो, ही मापे बदलत नाहीत. बेअरिंग हा असा विश्वनागरिक आहे. दातांचे तसे नाही. दोन चाके वर्षानुवर्षे एकमेकांवर फिरतात तेव्हा त्यांचे दात एकमेकांपुरते झिजतात. एकाच्या कडेची झिलई दुसऱ्याच्या कडेने घडवलेली असते. त्यांतले एक काढून तेथे तितकेच चांगले, पण परके चाक बसवले, तर काही दिवस ते कुरकुरणारच. पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या जोड्यांचे दात कंपनीने बदललेले नव्हते, म्हणून आमची जुनी चाके नव्या काउंटर शाफ्टवर चालणार होती. पण उस्तादांनी आधीच बजावले होते की आवाज येईल, त्याला घाबरू नका.

पितळी कड्यांची परीक्षाही मोठी मनोवेधक. गिअरच्या निमुळत्या कडेवर कडे दाबून बसवायचे आणि मधली फट पात्याच्या गेजने मोजायची. चांगल्या कड्याची फट मिलिमीटरभर किंवा थोडी अधिक असते. कडे झिजले की ते आत सरकते आणि फट मिटत जाते. या कड्याचे काम एवढेच, की वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या दोन भागांना घर्षणाने एका गतीवर आणायचे आणि मगच त्यांना गुंतू द्यायचे. १८९० च्या दशकात पॅरिसमध्ये लेव्हासॉरने मोटारीला सरकत्या चाकांचा गिअरबॉक्स बसवला तेव्हा ही सोय नव्हती. ती पहिल्यांदा १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅकच्या मोटारींत आली. ट्रकांपर्यंत पोहोचायला तिला आणखी पुष्कळ वर्षे लागली. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीने मुंबईत ज्या फार्गो गाड्या बांधल्या, त्यांतल्या एकीवर मामांचे वडील चालवायला शिकले. खालचा गिअर टाकायचा तर क्लच दाबा, न्यूट्रलमध्ये आणा, क्लच सोडा, इंजिनची फिरत वाढवा, पुन्हा क्लच दाबा आणि कानाने क्षण ओळखून गिअर सरकवा. पितळेच्या कड्याचे काम तेव्हा माणसाच्या कानाला करावे लागे. मामा अजूनही घाटात तसेच करतात. म्हणतात, तेवढीच कड्याची झीज वाचते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पेटी बंद झाली. शाफ्टची पुढे-मागे होणारी हालचाल पातळ चकत्या घालून मोजून घेतली होती. पितळाला न खाणारे तेल भरले होते. चौथ्या दिवशी पेटी गाडीखाली चढली. दुपारी मोकळ्या गाडीने तेजाजी नगरच्या चौकापर्यंत जाऊन आलो. पाचही गिअर लोण्यासारखे पडले. पहिला थोडा कुरकुरला, तो अपेक्षितच होता. मामांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू दिसले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला सिमेंट भरायचे आणि संध्याकाळपर्यंत बेडियाला पोहोचायचे, असे त्यांनी व्यापाऱ्याला तेथूनच कळवून टाकले. मला म्हणाले, ‘तुझ्या वहीने काम सोपं केलं रे.’ मी ती स्तुती विनयाने, पण मनापासून स्वीकारली.

रात्री घरी सदरा धुवायला टाकताना खिशात हाताला काहीतरी लागले. तीच ही चिठ्ठी.

तारेत ओवलेली चिठ्ठी खिशात येणार कशी? वही उघडली, ‘क – ३/४ स्लीव्ह’ या नोंदीपुढे बरोबरची खूण होती. माझ्याच हातची. मग हळूहळू आठवले. स्लीव्ह डिझेलमध्ये धुताना चिठ्ठी भिजू नये म्हणून मी ती सोडून खिशात ठेवली होती. तेवढ्यात कार्यालयातून फोन आला. बोलता बोलता स्लीव्ह मी पोत्यावर ठेवली, जेथे आमची जुनी, बाद केलेली स्लीव्हही धुऊन ठेवलेली होती. दोन्हींचा व्यास तोच, आतले दातही तितकेच. पुढे उस्तादांनी मागितली तेव्हा मी पोत्यावरून एक उचलून दिली आणि वहीत खूण केली.

ती कोणती होती?

या प्रश्नाचे महत्त्व मला ठाऊक होते, कारण दुसऱ्याच दिवशी उस्तादांनी मला दोन्हींतला फरक दाखवला होता. स्लीव्ह सरकून गिअरच्या कडेच्या बारीक दातांत गुंतते, तेव्हा गिअर पडतो. जुन्या स्लीव्हचे दात सरळ होते. नव्या जोडीत कंपनीने दोन्हीकडच्या दातांना मागे किंचित निमुळते केले होते, म्हणजे भार आला की ते एकमेकांना आत ओढून धरतात. नव्या गिअरवर जुनी सरळ स्लीव्ह घातली तर पकड फक्त टोकापुरती राहते. मोकळ्या गाडीला, सपाट रस्त्यावर, तेवढी पकड पुरते. भरलेली गाडी उताराला लागली, की तिसरा गिअर निसटू शकतो.

मी बराच वेळ पलंगावर बसून राहिलो. खरे सांगायचे तर मी त्या वेळी मामांचा विचार करीत नव्हतो. मी स्वतःची सुटका शोधत होतो. दोहोंपैकी एक, म्हणजे बरोबर असण्याचा संभव निम्मा आहेच. उस्तादांच्या हातून गेली, त्यांना कळले नसते का? पण त्यांना दिसत नाही म्हणून तर मला बसवले होते. चाचणी उत्तम झाली. उगाच रात्री जाऊन सगळ्यांना हादरवायचे आणि स्लीव्ह योग्यच निघाली तर? माझ्या मनाने एका तासात माझ्या बाजूने जेवढे मुद्दे मांडले, तेवढे मी कोणत्याही टिप्पणीत मांडलेले नाहीत. कार्यालयात चूक झाली तर शुद्धिपत्रक निघते. ‘अमुक ऐवजी तमुक वाचावे.’ दहा वर्षांत माझ्या हातून अशी कितीतरी शुद्धिपत्रके गेली असतील. त्या चुकांमुळे कोणाचे निवृत्तिवेतन दोन महिने अडले असेल, कोणाची बदली अडली असेल. मला त्यांचे चेहरे ठाऊक नाहीत. येथे चेहरा ठाऊक होता, घाट ठाऊक होता, आणि गाडी सुटायची वेळही ठाऊक होती.

साडेदहाला मी मामांच्या दारात उभा होतो. ते नुकतेच जेवायला बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगितले. मामींच्या हातातला वाढपाचा चमचा तसाच राहिला.

‘खात्री आहे?’ मामांनी विचारले.

‘नाही. निम्मं-निम्मं आहे.’

त्यांनी पानातली पोळी संपवली, हात धुतला, स्वेटर चढवला आणि स्कूटर बाहेर काढली. वाटेत एक शब्द बोलले नाहीत.

उस्ताद गॅरेजमध्येच झोपतात. त्यांना उठवून पोते दिव्याखाली आणले. पेटी उघडण्याची गरज नव्हती. पोत्यावर उरलेली स्लीव्ह कोणती एवढेच पाहायचे होते. उस्तादांनी ती हातात घेतली आणि डोळे मिटून अंगठ्याचे नख आतल्या दातावरून मागे ओढले. सरळ दातावरून नख निसटून बाहेर येते. निमुळत्या दाताच्या टोकाशी ते अडकते. मी त्यांच्या नखाकडे पाहत होतो. ते अडकले.

उरलेली स्लीव्ह नवी होती. म्हणजे चुकीची गाडीत होती.

कोणी मला बोलले नाही, आणि तेच फार अवघड गेले. मामांनी तेथूनच व्यापाऱ्याला फोन करून गाडी येणार नाही म्हणून सांगितले. ते भाडे दुसऱ्या ट्रकला गेले. पेटी पुन्हा खाली उतरली, मेन शाफ्ट पुन्हा सुटा झाला, आणि त्यात दीड दिवस गेला. उस्तादांनी मजुरी घेतली नाही. त्यांचे म्हणणे असे, की नख आधीच ओढायला हवे होते ते त्यांनी. कागदावर भरवसा ठेवून बोटांनी आळस केला. मी नुकसान भरून देतो म्हणालो तेव्हा मामा म्हणाले, ‘तेल आणि गॅस्केट तुझ्याकडून. भाडं गेलं ते गेलं.’ मी पैसे दिले आणि त्यांनी ते मोजून घेतले. त्या मोजून घेण्याने मला बरे वाटले. माफी मागून जे फिटले नसते, ते थोडेसे फिटले.

पुढच्या रविवारी मामांनी मला बरोबर घेतले. गाडीत नऊ टन सिमेंट होते. सिमरोल मागे पडले, रस्ता उताराला लागला आणि मामांनी क्लच दोनदा दाबून तिसरा गिअर टाकला. इंजिनाने एक दीर्घ हुंकार दिला. गाडी मागून कोणी धरावी तशी आवरली. वेग पूर्वीपेक्षा किंचित अधिक होता, त्या शेकडा सातांमुळे, आणि मामांनी वळणाच्या थोडे आधीच ब्रेकला हलकासा स्पर्श केला. माझी नजर गिअरच्या दांड्यावर खिळली होती. जुन्या, झिजलेल्या गाड्यांचे ड्रायव्हर उतारावर तो दांडा हाताने दाबून धरतात, काही जण त्याला रबराच्या पट्टीने बांधूनही ठेवतात. मामांचा हातही पहिल्या वळणापर्यंत त्यावर होता. मग त्यांनी तो सावकाश उचलला आणि स्टिअरिंगवर ठेवला.

दांडा थरथरत होता, पण जागचा हलला नाही. २००८ ची पेटी, २०११ चा काउंटर शाफ्ट आणि २०१४ चा गिअर, तिन्ही मिळून नऊ टनांचे ओझे धरून उतरत होते. खाली निमाड धुरकट उन्हात पसरले होते.

घाट संपल्यावर मामांनी चहाला गाडी थांबवली. मी खाली उतरलो तेव्हा ते म्हणाले, ‘वही आणली आहेस ना? पुढल्या महिन्यात मागचा एक्सल उघडायचा आहे.’

ती चिठ्ठी मी टाकलेली नाही ती एवढ्यासाठी. अजूनही एखाद्या कागदावर बरोबरची खूण करण्यापूर्वी कधी कधी खण उघडून मी तिच्याकडे पाहतो, आणि मग समोरचा कागद पुन्हा एकदा पहिल्या ओळीपासून वाचतो.